नोंद नसलेला भाडेकरार: सीरोस बेटावर बिऱ्हाड थाटतानाचं एक प्रकरण

ग्रीसच्या किक्लादीस द्वीपसमूहाचं प्रशासकीय केंद्र सीरोसवर, एर्मूपोली शहरात आहे. न्यायालय, इस्पितळ, एजियन विद्यापीठाचा एक विभाग, १८६१ पासूनचा जहाजबांधणी कारखाना हे सगळं इथेच, त्यामुळे पर्यटक परतले तरी शहर झोपत नाही. मिकोनोस किंवा सांतोरिनीपेक्षा बारमाही राहायला हे बेट सोयीचं ठरतं ते यामुळेच. इथे घेतलेलं प्रकरण नमुन्याचं आहे. पुण्याचं जोडपं कल्पित, पण त्याच्या वाट्याला आलेल्या अडचणी बेटावर पहिला हिवाळा काढणाऱ्या कुणालाही येतात त्याच.

पत्नी एका भारतीय सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करते. पतीला सध्या उत्पन्न नाही. दोघं डिजिटल नोमॅड म्हणून, राष्ट्रीय ‘डी’ वर्गाच्या व्हिसावर आले. ही वाट २०२१ च्या कायद्यानं उघडली. कर कापून हातात महिना ३,५०० युरो यावेत, जोडीदार असेल तर त्यावर २० टक्के आणि प्रत्येक मुलामागे १५ टक्के, अशी अट आहे. म्हणजे या दोघांसाठी आकडा ४,२०० युरो. व्हिसा जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. तो संपायच्या आत दोन वर्षांच्या निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो, आणि ग्रीसमधल्या मालकाकडे नोकरी करायची नसते. विवाह प्रमाणपत्राला अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, भारतातूनच करून आणलं होतं, हे चांगलं झालं. मात्र ग्रीक भाषांतर त्यांनी अपॉस्टिलच्या आधी करून घेतलं होतं. अपॉस्टिलच्या शिक्क्याचंही भाषांतर लागतं, तेव्हा ते काम पैसे मोजून पुन्हा करावं लागलं. आधी अपॉस्टिल, मग भाषांतर, हा क्रम उलटला की भुर्दंड ठरलेला.

घर कसं घेतलं आणि कुठे अडलं

१० सप्टेंबरला दोघं बेटावर उतरली. दक्षिण किनाऱ्यावरच्या वारी गावात (नाव मराठी कानाला ओळखीचं, पण पंढरीशी संबंध नाही) उन्हाळ्यात पर्यटकांना दिलं जाणारं एक घर त्यांना मिळालं. घर समुद्रापासून चार पावलांवर, भाडं महिना ४५० युरो, रोख, मेअखेर घर रिकामं करायचं, आणि कागद म्हणजे दोघांच्या सह्यांचं एक पान. मालक सज्जन होता. पहिल्या दिवशी अंगणातली लिंबं आणून दिली त्यानं. लबाडीचा प्रश्नच नव्हता, ही तिथली रूढ पद्धत आहे. बेटांवर बदलून येणारे शिक्षकही अशीच सप्टेंबर ते मे घरं घेतात आणि जूनमध्ये सामान बांधतात.

नोव्हेंबरात हिशेबनीसानं, म्हणजे तिथल्या ‘लोयिस्तीस’नं, एकच प्रश्न विचारला: भाडेकराराची टॅक्सिसनेटवरची नोंद कुठे आहे? ती नव्हती, आणि तिथून सगळंच अडलं.

ग्रीसमध्ये सह्या झालेला कागद म्हणजे अर्धा करार. मालकानं करखात्याच्या टॅक्सिसनेट प्रणालीत भाड्याचं विवरण भरायचं असतं. भाडेकरार सुरू झाला त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत त्याला मुदत असते. मग भाडेकरूनं स्वतःच्या खात्यातून ते ‘स्वीकारलं’ असं नोंदवायचं. त्यानंतर नोंदणी क्रमांकासह जे पान छापून निघतं, तोच राहत्या घराचा खरा पुरावा. करनोंदीतला पत्ता बदलायचा, वीजजोडणी नावावर घ्यायची, इंटरनेटची तार मागवायची, निवास परवान्याच्या अर्जाला घराचा दाखला जोडायचा, सगळीकडे हेच पान मागतात. सह्यांचं एक पान घेऊन कुठेही गेलं तरी खिडकीवरचा माणूस ते उलटून बघतो, क्रमांक शोधतो आणि परत देतो.

मालक नोंद का टाळतात, ते समजून घेतल्याशिवाय बोलणी जमत नाहीत. एक तर राहत्या घराचा करार कमी मुदतीचा लिहिला तरी कायद्यानं तो किमान तीन वर्षं चालतो, म्हणजे जूनमध्ये भाडेकरू हटला नाही तर मालकाचा उन्हाळा बुडाला. दुसरं, भाड्याच्या उत्पन्नावर पहिल्या १२,००० युरोंपर्यंत १५ टक्के कर आहे आणि वर गेलं की दर चांगलाच चढतो. ऑगस्टच्या पंधरवड्यात पर्यटकांकडून जे मिळतं त्यावर या माणसाचं वर्ष उभं असतं. त्यामुळे ‘नोंद करा’ असा आग्रह त्याच्या कानाला ‘घर सोडणार नाही’ असा ऐकू येतो.

दोघांपुढे तीन वाटा होत्या. मालकाला पटवणं जमलं नाही. दुसरी वाट त्यानंच सुचवली: नोंद करू, पण भाडं ४५० ऐवजी २०० दाखवू. हिशेबनीसानं ती धुडकावली, आणि बरोबरच केलं. स्वीकाराचं बटण भाडेकरू स्वतः दाबतो, म्हणजे खोट्या विवरणाला त्याची संमती येते. ज्याचा परवाना अजून व्हायचा आहे त्यानं असल्या गोष्टीत पडू नये. शिवाय उरलेल्या २५० युरोंची आणि अनामत रकमेची कागदावर दखलच राहत नाही, ती परत मागायची कशाच्या आधारावर? उरली तिसरी वाट, घर बदलणं.

दुसरं घर: केव्हा, कुठे, काय बघून

सप्टेंबर हा एर्मूपोलीत घर शोधायचा सर्वांत वाईट महिना. विद्यार्थी, शिक्षक, इस्पितळातले शिकाऊ डॉक्टर एकदमच शोधात असतात, आणि मालकही उन्हाळ्याच्या भावातून खाली उतरलेले नसतात. नोव्हेंबरात उरलेली घरं दिसू लागतात. त्यांतली बरीच महाजालावर येतच नाहीत. दारावर किंवा विजेच्या खांबावर ‘एनिकियाझेते’, म्हणजे ‘भाड्यानं देणे आहे’, असा कागद आणि खाली दूरध्वनी क्रमांक असतो. गल्ल्या पायी तुडवल्याशिवाय तो सापडत नाही. दलाल, ‘मेसितीस’, सहसा एका महिन्याचं भाडं आणि त्यावर २४ टक्के व्हॅट घेतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घर ठरलं. एर्मूपोलीतच, दुसऱ्या मजल्यावर, ५८ चौरस मीटर, भाडं ५२०. आनो सीरोस या वरच्या मध्ययुगीन वस्तीतलं एक घर त्याहून स्वस्त होतं आणि दिसायला कितीतरी देखणं, पण तिथे गाडी आत जात नाही. धुलाई यंत्रापासून पाण्याच्या बाटल्यांपर्यंत सगळं पायऱ्यांवरून खांद्यावर चढवायचं. बेटाचं नळाचं पाणी मुख्यतः समुद्राचं पाणी गोडं करून येतं आणि बहुतेक घरांत प्यायचं पाणी दीड लिटरच्या सहा बाटल्यांच्या गठ्ठ्यानं आणतात. एक गठ्ठा नऊ किलो. आठवड्याला तीन गठ्ठे आणि दीडशे पायऱ्या, असा हिशेब मांडल्यावर देखणेपणाचा मोह आवरला.

सही करण्याआधी मालकाकडून चार गोष्टी लिहून घेतल्या: त्याचा नऊ अंकी करक्रमांक, म्हणजे ‘आफिमी’, मालमत्तेचा ओळख क्रमांक, ‘आताक’, ऊर्जा प्रमाणपत्राचा क्रमांक, आणि वीजजोडणीचा क्रमांक. या चारांतलं एखादं नसेल तर नोंद कुठेतरी अडकते. बहुतेक वेळा नसतं ते ऊर्जा प्रमाणपत्र. ते काढायला अभियंता घरी येऊन मापं घेतो, आठवडाभर धरून चालावं. अनामत एक महिन्याची, करारात आकड्यानं लिहून. भाडं बँकेतूनच, तपशिलात महिन्याचं नाव घालून. आणि घराची किल्ली ज्या दिवशी हातात, त्याच दिवशी मालकानं विवरण भरायचं, ‘नंतर करू’ नाही. भाडेकरूचा स्वीकार पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याला स्वतःचा आफिमी आणि टॅक्सिसनेटचं संकेतनाम हवं. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला परदेशी रहिवासी म्हणून आफिमी काढताना ग्रीसमधला कर-प्रतिनिधी नेमावा लागतो. बहुधा हिशेबनीसच ते काम घेतो. या दोघांनी तो आल्या आल्या काढला होता, म्हणून डिसेंबरात एक आठवड्यात सगळं उरकलं.

मधल्या नावाचा घोळ

हा भाग मराठी माणसाला खास. ग्रीसच्या कुठल्याही अर्जात नाव आणि आडनावाखाली ‘पात्रोनिमो’ आणि ‘मित्रोनिमो’, वडिलांचं आणि आईचं नाव, असे रकाने असतात. ते शोभेचे नाहीत. आफिमी, वीज, परवाना, सगळ्या नोंदी एकमेकांशी जुळवताना हे रकाने तपासले जातात.

पत्नीच्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या ओळीत दोन शब्द होते: तिचं नाव आणि नवऱ्याचं नाव. करकचेरीतल्या कारकुनाला कुणीतरी सांगितलं होतं की भारतात मधलं नाव वडिलांचं असतं. त्यानं मधला शब्द उचलला आणि पात्रोनिमोच्या रकान्यात टाकला. कागदोपत्री नवरा बायकोचा बाप झाला. विवाह प्रमाणपत्राच्या भाषांतरात वडिलांचं खरं नाव होतं, तेव्हा दोन नोंदी जुळेनात. दुरुस्तीसाठी पासपोर्टचं शेवटचं पान कामी आलं, कारण भारतीय पासपोर्टवर आई, वडील आणि जोडीदार यांची नावं तिथे वेगवेगळी छापलेली असतात. लोक पहिल्या पानाचीच छायाप्रत नेतात, ही चूक. दोन्ही पानं न्यावीत, दोन्हींचं भाषांतर असावं.

आडनावाची गंमत वेगळीच. ग्रीक लिपीत आपल्या ‘ड’ किंवा ‘द’च्या उच्चारासाठी एक अक्षर नाही, ‘नी’ आणि ‘ताफ’ अशी दोन जोडतात. ‘ब’साठी ‘मी’ आणि ‘पी’. ‘श’ तर नाहीच, ‘सिग्मा’वर भागवतात. कारकुनानं ‘देशपांडे’सारखं आडनाव कानानं ऐकून ग्रीकमध्ये लिहिलं आणि पुढच्या कचेरीनं ते यंत्रानं रोमनमध्ये उलटवलं, की ‘न्तेस्पान्ते’ बाहेर येतं. हा माणूस पासपोर्टवर कुठेच नसतो. उपाय साधा आहे. एका कागदावर ठळक रोमन मोठ्या अक्षरांत, पासपोर्टबरहुकूम, चार ओळी लिहून ठेवायच्या: नाव, आडनाव, वडील, आई. प्रत्येक खिडकीवर तोंडानं काही न सांगता तो कागद पुढे सरकवायचा. आणि कारकुनानं भरलेला पडदा आपल्याकडे वळवायला सांगून, वाचून मगच हो म्हणायचं. पुष्कळ कामांत ‘इपेफ्थिनी धिलोसी’ म्हणजे १९८६ च्या कायद्याखालचं जबाबदारीचं निवेदन लागतं. त्यावरची सही ‘केप’ या नागरिक सेवा केंद्रात विनामूल्य साक्षांकित होते. त्यातही हाच कागद बघूनच नावं घालावीत.

वीज, गरम पाणी आणि बत्ती गुल

जोडणी नावावर करायला गेल्यावर कंपनीनं विद्युत तंत्रज्ञाचं प्रमाणपत्र मागितलं. घरगुती जोडणीसाठी ते १४ वर्षं चालतं. या घरातलं संपलेलं होतं. नवं देण्याआधी तंत्रज्ञानं फलकातलं ३० मिलिॲम्पिअरचं गळतीरोधक बटण तपासलं, ते काम करत नव्हतं, म्हणून बदललं. खर्च कुणाचा, यावर थोडी घासाघीस झाली. तो मालकाचाच असतो, घराबरोबर प्रमाणपत्र देणं त्याच्याकडे येतं. करारात एक ओळ असती तर घासाघीसही टळली असती.

पहिल्याच आठवड्यात रोज संध्याकाळी अख्खं घर अंधारात जायला लागलं. तंत्रज्ञ पुन्हा येऊन काय सांगणार होता ते कागदावरच दिसत होतं. साध्या घराची एकफेजी जोडणी ८ केव्हीएची, म्हणजे एका वेळी साधारण ८ किलोवॅट पेलणारी, २३० व्होल्टला सुमारे ३५ ॲम्पिअर. पाणी तापवायचं ‘थर्मोसीफोनास’ ४ किलोवॅट, भट्टी अडीच, शेगडीची एक चकती दोन, वातानुकूलन यंत्र एक. चारही एकदम चालू म्हणजे साडेनऊ. बटण पडणारच. तिथल्या घरांत गच्चीवर सौर बंब असतो, पण ढगाळ दिवसांत त्यातलंच विजेचं वेटोळं लागतं, आणि त्याचं बटण न्हाणीघरात नसून मुख्य फलकावर असतं. शिस्त अशी बसवली: स्वयंपाकाला हात घालण्याआधी अर्धा तास थर्मोसीफोनास, मग बंद, मग शेगडी. बटण रात्रभर चालू राहिलं की बिलात दिसतं. त्याच बिलात पालिकेचा कर आणि सरकारी दूरदर्शनचे महिना ३ युरोही येतात, तेव्हा आकडा बघून लगेच वीज कंपनीशी भांडायला जाऊ नये. आणि भारतातून आणलेल्या मिक्सरच्या जाड तीन पिनांना तिथल्या दोन पिनांच्या खोबणीत जागा नाही. स्वस्त जोडपिनेवर भार सोसत नाही, तेव्हा तारेचं टोक तंत्रज्ञाकडून बदलून घेतलेलं बरं.

ओल

घर बघताना सप्टेंबरात जे कळत नाही ते जानेवारीत भिंतीवर उमटतं. कोकणातल्या माणसाला ओल आषाढात भेटते. इथे ती डिसेंबर ते मार्च. ‘इग्रासिया’ हा शब्द पहिल्या हिवाळ्यातच तोंडपाठ होतो.

ओल दोन तऱ्हेची, आणि उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत. जमिनीलगत मीटरभर उंचीपर्यंत रंग फुगलेला, खाली पांढरी बुरशीसारखी भुकटी: ती बुरशी नसते, मीठ असतं. दगडी भिंत पायातून पाणी ओढते, पाणी उडतं, क्षार मागे राहतात. त्यावर तैलरंग मारला की पाणी आत कोंडतं आणि रंग आणखी वर फुगतो. तिथे चुन्याचाच हात हवा, त्यातून भिंत श्वास घेते. छताच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे काळे ठिपके दिसले तर ती हवेतल्या बाष्पाची बुरशी. त्याचं कारण घरात शिजणारं अन्न, आत वाळणारे कपडे, बंद खिडक्या. या घरात दुसरी तऱ्हा निघाली, दुसरा मजला असल्यानं पहिली नव्हती. दिवसाला २० लिटर ओढणारं ओलावाशोषक यंत्र आणलं, कपाटं बाहेरच्या भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे ओढली, आणि आठ-दहा युरोंचा आर्द्रतामापक टांगला. आकडा ६० च्या खाली ठेवायचा. वरण-भात शिजत असताना तो ७५ वर जातो, म्हणून झाकण आणि खिडकी. घर बघायला गेल्यावर कपाटामागे हात घालून बघावा आणि ऐन शरदात ताजा रंग लावलेला दिसला तर कारण विचारावं.

बोट, दवाखाना, कर

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सीरोस साध्या बोटीनं साडेतीन ते चार तासांवर आहे. पण वारा बोफोर्ट या वाऱ्याच्या मोजपट्टीवर ८ च्या आसपास गेला की बंदर अधिकारी बोटी थांबवतात. त्याला ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. दोन दिवस बोट नाही म्हणजे ताज्या भाज्यांच्या फळ्या विरळ. रोजची औषधं महिनाभर पुढची असावीत, आणि अथेन्समध्ये भारतीय दूतावासाचं किंवा परवान्याच्या बोटांच्या ठशांचं काम असेल तर त्याआधीच्या दोन रात्री मोकळ्या ठेवाव्यात. जानेवारीत त्यांची एक वेळ अशीच हुकली आणि पुढची मिळायला पाच आठवडे गेले. एर्मूपोलीत सार्वजनिक इस्पितळ आहे, गंभीर रुग्ण मात्र हवाई मार्गानं अथेन्सला हलवतात, तेव्हा विम्यात असा प्रवास धरला आहे का ते कलम वाचून घ्यावं.

पत्नीच्या कंपनीची सकाळची बैठक भारतात साडेनऊला. सीरोसवर तेव्हा हिवाळ्यात सहा आणि उन्हाळ्यात सात वाजलेले असतात. तसं बघितलं तर हे फायद्याचंच. तिचं काम तिथल्या दुपारच्या विश्रांतीआधी संपतं, आणि मंगळवार, गुरुवार, शुक्रवारी दुकानं संध्याकाळी पुन्हा उघडतात. रव्यासाठी ‘सिमिग्दाली’ मागावा. ग्रीक घरांतला रव्याचा हलवा एक तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी अशा प्रमाणात होतो, म्हणजे दुकानदाराला शिऱ्याचं मर्म समजावून सांगावं लागत नाही. मसाल्यांसाठी अथेन्सच्या ओमोनिया चौकाजवळची दक्षिण आशियाई दुकानं. एका फेरीत तीन महिन्यांचं आणलं तर पुरतं.

परवान्याचा अर्ज मार्चमध्ये, नोंदणी क्रमांक असलेल्या करारासह, सादर झाला. त्याच महिन्याच्या मध्याला ग्रीसमधल्या मुक्कामाचे १८३ दिवसही भरले, म्हणजे ग्रीसच्या दृष्टीनं करदात्याच्या निवासाचा प्रश्न उभा राहिला. भारत आणि ग्रीस यांच्यात दुहेरी करआकारणीचा करार १९६५ चा आहे, आणि आजच्या दूरस्थ कामासाठी तो लिहिलेला नाही, म्हणून हिशेबनीसानं पगाराचं स्वरूप, कंपनीचं पत्र आणि भारतात कापलेला कर हे सगळं मागितलं. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, ग्रीसचं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे फॉर्म १६ मधला आकडा ग्रीक विवरणात तसाच बसत नाही. त्याच्याऐवजी महिनावार पगारपत्रकं लागतात, आणि जानेवारी ते मार्चची पत्रकं जुन्या वर्षाच्या फॉर्म १६ मधून वेगळी काढून द्यावी लागतात.